घरटी एक माणूस

नालासोपारा,
१८ एप्रिल २०२४
(सभेत वाचावे)

ती. दमयंतीकाकीस संदेशचा नमस्कार.

काकी, तू चिटणीस म्हणून पत्र तुझ्या नावाने, पण मजकूर सगळ्या वाडीसाठी आहे. व्हाट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर चार अंगठे आले असते आणि विषय संपला असता. मुंबईचं पत्र कागदावर यायचं आणि देवळात बसून मोठ्याने वाचायचं, ही आपल्या मंडळाची जुनी रीतच बरी.

तर मंडळी, पूल झाला! मुंबई मंडळाने सात वर्षं खेटे घातले, त्याचं चीज झालं. परवा फोटो आले, कठड्याला रंगसुद्धा लागलाय. निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे उद्घाटन होणार नाही म्हणतात. न होईना. आपला नारळ आपण फोडू.

आता मुद्द्याचं. यंदापासून पऱ्याच्या पाण्यावर लाकडी साकव घालायची गरज नाही. दरवर्षी मे महिन्यात घरटी एक माणूस पऱ्यावर उभा राहायचा, आयनाचे वासे आणि चिव्याचे बांबू ओढायचा, उन्हात पाठ सोलून घ्यायचा आणि गणपतीनंतर सगळं पुन्हा काढून ठेवायचा. हे आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केलं. आता पुरे. मला स्वतःला बाबा गेल्यापासून एकदाही येता आलं नाही. पावसाआधी सगळ्या सोसायट्यांना लिफ्ट तपासून हव्या असतात, मेमध्ये आम्हा लिफ्टवाल्यांना सुट्टी कुठली? मंडळाने आमच्या घराला सांभाळून घेतलं, कधी बोल लावला नाही. त्याची थोडी परतफेड या पुलाच्या निमित्ताने झाली असं समजतो.

आणि खरं सांगू? आई पऱ्यापलीकडे एकटी. अडीअडचणीला गाडी यावी, एवढाच माझा सगळा स्वार्थ होता.

सर्वांना नमस्कार. रघूदादाला सांग, आता पाठीला तेल लावून स्वस्थ झोप.

तुझा,
संदेश


जांभूळकोंड,
५ मे २०२४

चि. संदेशला दमयंतीकाकीचे आशीर्वाद.

तुझं पत्र सभेत वाचलं. पाठीला तेल लावायच्या वाक्याला सगळे हसले, रघू सोडून. टाळ्या मात्र खूप वाजल्या. दीपकने तर शिट्टी मारली, देवळात आहोत याचंही भान नाही मेल्याला.

साकव बंद करायचा ठराव मांडला. हात वर झाले, मीही केला. रघूचा हात काही वर आला नाही. मी विचारलं, "रघू, तुझं काय?" तर म्हणाला, "माजा काय? तुमी ठरवलात ना." आणि चिव्याची काडी मोडत बसला. साकवाचा म्होरक्या तो. वासा कुठे रोवायचा, चिवे कसे बांधायचे, सगळं त्याच्या डोक्यात. माणसाला आपलं काम सुटल्याचं वाईट वाटायचंच. वासे त्याच्या गोठ्यामागे रचून ठेवलेत.

पूल छान झालाय. फक्त तो वरच्या अंगाला, रस्त्याच्या वळणावर आलाय. साकव तुमच्या अंगणाखालीच उतरायचा, म्हणून वरच्या वाडीची पोरं शाळेला जाता-येता तुमच्याच अंगणातून जायची. आता ती रस्त्याने जातील. तुझ्या आईला जरा निवांतपणा मिळेल. पोरं हौसावैनीच्या झाडाला पेरू ठेवत नसत.

आंब्याची पेटी दीपकबरोबर पाठवते. पिकले की लगेच खा, उगाच लोकांना दाखवायला ठेवू नकोस.

काकी


नालासोपारा,
२३ जून २०२४

काकी,

आंबे पोचले आणि संपलेसुद्धा.

पुलाचा फोटो मी ऑफिसात लावलाय. साहेब म्हणाले, "तुमच्या गावात नदी आहे का?" मी म्हटलं, पऱ्या आहे, पण आषाढात तो स्वतःला नदी समजतो.

आईला रोज संध्याकाळी फोन करतो. पलीकडे रेंज नाही म्हणून ती मागच्या बांधावर येऊन बोलते. नेहमीचंच. "बरा हाय. तू जेवलास?" संपलं. यंदा मात्र एकदा म्हणाली, "आवाज नाय रे पोरांचा." मी म्हटलं, बरंच की, पेरू राहतील. तर फोन ठेवून दिला. रागावली की रेंज गेली, कळलं नाही.

रघूदादाचा रुसवा गेला का? त्याला मंडळाची टोपी करून देऊ या. पुलाचा देखरेख प्रमुख!

संदेश


जांभूळकोंड,
१४ ऑगस्ट २०२४

चि. संदेशला आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लावणी होती, मग माझं गुडघेदुखीचं रडगाणं.

इकडे सगळं ठीक. हौसावैनी बरी आहे. हात थोडा दुखतो म्हणते, पण कोकणातल्या बाईचा हात पावसात दुखला नाही तर तोच नवलाचा. रघू येऊन-जाऊन असतो. दूध तोच नेऊन देतो.

टोपीचं राहू दे.

गणपतीला येशील तेव्हा रात्रीची गाडी पकडून लगेच पळू नकोस. चार दिवस राहा. आईजवळ बस.

काकी


नालासोपारा,
२२ सप्टेंबर २०२४
(सभेत वाचू नये)

काकी,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे.

गणपतीत आईचा डावा हात बघितला. मनगट वाकडं वाटलं. मोदक वळताना ती उजव्या हातानेच सगळं करत होती. विचारलं तर म्हणे, म्हशीने ढुशी दिली. आमच्याकडे म्हैस नाही हे तिला बहुतेक आठवलं नाही. तूही तिथेच बसली होतीस, आणि तू लगेच आरतीचं ताट उचललंस.

दुसरं. रघूदादा सकाळी घरात, संध्याकाळी घरात. आमच्या काजूखालचं रान त्याने कोणी न सांगता बेणून साफ केलं. पाण्याचा हंडा कुठे, मीठ कुठे, सगळं त्याला ठाऊक. मी माझ्याच घरात मिठाची बरणी शोधत होतो, तर त्याने बसल्या जागेवरून सांगितलं, "फळीवर, माग." काकी, मला हे बरं वाटलं नाही. एकटी म्हातारी, मुलगा मुंबईत आणि घराला लागून काजूची बाग. अशा गोष्टी कशा सुरू होतात आणि कुठे संपतात, ते आपण गावोगाव बघतो. माझ्यावर रागावू नकोस, पण कोणाच्या मनात काय असतं सांगता येत नाही.

मी ठरवलंय. दिवाळीला येऊन आईला घेऊन जातो. दोन खोल्या आहेत, कसंही भागेल. घराला कुलूप लावून किल्ली तुझ्याकडे देईन, रघूकडे नाही.

संदेश


जांभूळकोंड,
२ ऑक्टोबर २०२४
(सभेत वाचू नये. वाचलं तर तुलाच तोंड दाखवायला जागा उरणार नाही.)

संदेश,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी राग संपू दे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तू आधी हे ऐक.

आपल्याकडे साकवाच्या सकाळी पऱ्याच्या काठावर उभं राहून घरांची नावं पुकारतात, हे तुला माहीत आहे. ज्याच्या घराचं नाव येईल त्याने "हाजर" म्हणायचं. तुझे बाबा काशीरामभावजी होते तोवर तुमच्या घराचं "हाजर" ते म्हणायचे. ते गेल्यावर पहिल्या मे महिन्यात मी नाव पुकारलं, "काशीरामाचं घर!" आणि सगळे गप्प झाले. तू आला नव्हतास. वैनी पलीकडच्या काठावर पदर धरून उभी होती. तेवढ्यात मागून रघू म्हणाला, "हाजर." मी म्हटलं, "रघू, तुझ्या घराचं नाव अजून यायचंय." तर म्हणतो, "माज्या घराची मथुरा आली हाय. मी हकडचा."

तेव्हापासून दरवर्षी रघूची बायको मथुरा त्यांच्या घराची माणूस म्हणून दगड उचलते आणि रघू तुमच्या घराचा म्हणून वासा. मंडळाने तुमच्या घराला सांभाळून घेतलं असं तू लिहिलंस ना? मंडळाने काही नाही केलं. तुमचं घर कधी गैरहजर नव्हतंच.

आता हाताचं. वैनीने मला देवाची शपथ घातली होती, ती मोडते. देव समजून घेईल, तुझं मला ठाऊक नाही.

जुलैच्या शेवटी वैनी सकाळी पाणी आणायला उतरली आणि जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं, पाय मुरगळला. फोन घरात. हाका मारल्या तर पऱ्याचा आवाज एवढा की काय ऐकू जाणार? दरवर्षी त्या वेळेला वीस पोरं तिच्या अंगणातून जातात. यंदा ती पुलावरून गेली. बाजूचं शिवाचं घर बंद, त्याच्या पलीकडची दोन्ही बंद. दुपार कलेपर्यंत ती पावसात पायरीवर बसून होती. रघू आपला पुलाचा वळसा घालून सहज बघायला गेला, तेव्हा सापडली. त्याने तिला खुर्चीत बसवून पुलापर्यंत आणली आणि दीपकच्या रिक्षातून गुहागरला नेली.

पूल होता म्हणून रिक्षा आली, हे खरं. पण पूल होता म्हणूनच तिला दुपारपर्यंत कोणी बघितलं नाही, हेही खरंच आहे. ही चूक रघूची नाही, तुझीही नाही. ठरावाला हात मीही वर केला होता. आम्हाला सगळ्यांना वाटलं, साकव पऱ्या ओलांडायला असतो.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा रघूने तिला धरून बांधावर उभी केली. "बरा हाय. तू जेवलास?" म्हणाली आणि फोन ठेवून रडली. प्लॅस्टर गणपतीच्या आधी काढून घेतलं, डॉक्टर नको म्हणत असताना. तुला कळलं तर तू तिला नेशील, एवढीच तिला भीती. मला म्हणाली, "थय मुंबैत माजा दरवाजा बंद करून बसतील गो. सगलीच बंद करून बसतात."

रघू दिवसातून दोनदा जातो तो त्या दिवसापासून. मिठाची बरणी त्याला माहीत आहे, कारण तिचा हात चालत नव्हता तेव्हा भात त्याने शिजवलाय.

आईला न्यायची की नाही ते तू ठरव. तिचा मुलगा तू आहेस. पण किल्लीचं जे लिहिलंस ते मी वाचलंच नाही असं समजते.

आता आशीर्वाद.

काकी


नालासोपारा,
१२ जानेवारी २०२५
(सभेत वाचावे)

ती. काकी आणि जांभूळकोंडच्या समस्त मंडळींस,

दिवाळीला मी आलो ते तुम्ही बघितलंत. आईला आणलं नाही, तेही बघितलंत. रघूदादाशी बोलायला दोनदा त्याच्या घरी गेलो, पण दोन्ही वेळा भाताच्या भावाबद्दल बोलून परत आलो. मला ते जमलं नाही.

माझं काम काय ते तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट बंद पडली आणि आत माणूस अडकला की पहिल्यांदा आम्ही हत्यार उचलत नाही. दाराला तोंड लावून हाक मारतो. "कोण आहे? मी बाहेर आहे. नाव काय तुमचं?" आतला माणूस एकदा बोलायला लागला की मग आरामात काम करता येतं. बाहेर कोणीतरी आहे, एवढं त्याला कळायला हवं. हे मी रोज परक्या लोकांसाठी करतो. आणि माझ्या आईच्या दारावरून जाणारा आवाज मीच सात वर्षं खेटे घालून बंद केला. पुलाचा मला पश्चात्ताप नाही, तो हवाच होता. पण साकव बंद करा असं मी लिहायला नको होतं.

म्हणून अर्ज करतो. येत्या मे महिन्यात साकव पुन्हा घालावा. पोरांच्या सुरक्षेची काळजी असेल तर कठड्याला लिफ्टची जुनी तारेची दोरी आणतो, साहेबांना विचारलंय. ती दहा माणसांना उचलते, वीस पोरांना सहज धरून ठेवील.

मंडळाने नाही म्हटलं तरी माझी तक्रार नाही.

संदेश काशीराम


जांभूळकोंड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. संदेशला आशीर्वाद.

तुझा अर्ज वाचला. या वेळी टाळ्या नाहीत, भांडण झालं.

दीपक उभा राहिला. "सरकारनं पूल दिलाय, नि आपन परत वासे टाकायचे? लोक हसतील. आजीला बघायला पाळी लावू या. रोज एक घर." पुष्कळांनी माना डोलावल्या. मलाही ते पटायला लागलं होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. हौसावैनी! पुलाचा एवढा वळसा घालून एकटी आली होती. सभेला ती कधी येत नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माज्यावर पाळी लावू नका. मी काय गणपतीचा नैवेद हाय? आज तुजा, उद्या माजा! मला बघायला कुनी येवाचा नाय. ज्येला त्येला आपापल्या कामाला जायाचा आसंल तर माज्या अंगणातना जावा. पोरांनी पेरू चोरावं, मी शिव्या घालीन. तेवडा पुरे मला."

मग वरच्या वाडीची एक सूनबाई हळूच म्हणाली, "तसा पुलावरना शाला लांबच पडते." दुसरी म्हणाली, "माजा शेत तर त्या बाजूलाच हाय. पूल दिलाय म्हनून आपला तिकडना जाते." एकेक करून निम्मी वाडी कबूल झाली की पुलाचा वळसा कोणालाच आवडत नाही. पूल मुंबईकरांनी एवढ्या कष्टाने आणला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळे गुमान वापरत होते! भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच.

ठराव मांडला. रघूने दोन हात वर केले. दुसरा कोणाचा ते आता तुला माहीत आहे. मी तो मोजला नाही. एक हात तुझ्या घरचा आहे आणि तो तू स्वतः आणायचा. ठराव मंजूर झाला, साकव रविवारी, ११ मेला. साहेबांना सांग की लिफ्टपेक्षा पऱ्या जुना आहे.

काकी


जांभूळकोंड,
२२ जून २०२५

चि. संदेशला अनेक आशीर्वाद.

साकवाच्या दिवशी तू संध्याकाळच्याच गाडीने गेलास. त्यामुळे काही गोष्टी तू बघितल्या नाहीस, त्या लिहिते.

यंदा पावसाने मिरगाची वाट बघितली नाही, मे सरायच्या आत कोसळला. साकव आधी झाला ते बरं. पऱ्या तीनदा भरून वाहिला, वासा हलला नाही. तुझी तारेची दोरी पोरांना भारी आवडते. तिला वाजवत जातात.

त्या सकाळी मी "काशीरामाचं घर!" म्हणून पुकारलं, तेव्हा तू आणि रघू दोघं एकदम "हाजर" म्हणालात. सगळे हसले. तू खाली मान घालून वासा उचललास, म्हणून रघूचं तोंड तुला दिसलं नाही. मी बघत होते. आधी तो हसला, मग त्याने एकदम पलीकडे वैनीकडे बघितलं, आणि मग टॉवेलाने घाम पुसत राहिला. घाम एवढा नव्हता.

दिवसभर तुम्ही दोघं एकाच वाशाच्या दोन टोकांना होतात. काय बोललात ते मी विचारलं नाही. मथुरा म्हणते, तू त्याच्याशी भाताच्या भावाबद्दलच बोललास. असू दे. तेवढं पुष्कळ झालं.

तू गेल्यावर तो माझ्या ओटीवर येऊन बसला. चहा प्याला, कप पालथा घातला. मग म्हणाला, "काकी, काशीरामाच्या घराचा मानूस आला. माज्या घराची मथुरा हाय. मग आता मी कुनाचा?"

त्याने विचारलं थट्टेत, पण मला एकदम भरून आलं. कारण गंमत बघ, एवढी वर्षं हा माणूस राबतोय आणि यातलं काही आपण तुमच्यावर उपकार म्हणून करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला फक्त नाव पुकारल्यावर गप्प बसलेलं ऐकवत नव्हतं.

मी म्हटलं, "शिवाचं घर बंद आहे. पुढच्या मेमध्ये ते नाव पुकारीन." तो लगेच उठला. म्हणाला, "मग उद्यापास्नं त्याचा परडा साफ कराया होवा," आणि गेला.

आता शेवटचं. कालच्या सभेत तुझ्या आईची मंडळाकडे तक्रार आली. साकवावरून आलेली पोरं पाऊस वाढला की तिच्या पडवीत शिरतात. सारवलेल्या पडवीभर चिखलाचे पाय उमटतात, दिवसातून दोनदा सारवावं लागतं, आणि पेरू तर पिकायच्या आतच संपले. मंडळाने ताबडतोब बंदोबस्त करावा, असं तिचं म्हणणं आहे.

तक्रार मोठ्याने वाचली. मंडळाने ती एकमताने फेटाळली. सर्वांत पुढे बसून हात वर करणारी तुझी आईच होती.

काकी